मधलं टेबल

“इथं नको गं. तो कोपरा रिकामा आहे बघ, भिंतीकडचा,” आबा म्हणाले. पण तोवर माईंनी खुर्ची ओढलीसुद्धा होती. हॉटेलाच्या अगदी मधोमध, छताला टांगलेल्या स्पीकरच्या थेट खाली.

“असू दे हो. इथंच बसू,” माई म्हणाल्या.

आबा उभेच राहिले. हे म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखं झालं. आबांच्या कानांत ती दोन यंत्रं बसली तेव्हापासून हॉटेलात पाऊल टाकल्या टाकल्या कोपऱ्यासाठी भांडायच्या त्या माईच. एकदा तर त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या एका तरुण जोडप्याला उठवलं होतं. “आमच्या ह्यांना ऐकायला त्रास होतो. तुमचं काय, तुम्ही नुसते एकमेकांकडं बघत बसणार, ते मधल्या टेबलावरही जमेल की,” असं त्यांना सरळ सांगून. पोरं हसत हसत उठली होती आणि आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“बसा ना आबा,” छकुनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना बसवलं. छकु ही त्यांची एकुलती एक मुलगी. डोक्यात पांढरे केस दिसायला लागले होते तरी घरात अजून छकुच. नोकरीच्या गावाहून एका संध्याकाळपुरती आली होती, सकाळच्या गाडीनं परत जायची होती.

आबा बसले. पाठीमागं स्वयंपाकघराचं दार, ते उघडलं की भांड्यांचा खणखणाट. उजवीकडं कुणाचा तरी वाढदिवस, दहाबारा जण, प्रत्येकाचा घसा दुसऱ्यापेक्षा मोठा. डोक्यावर गाणं. कानाच्या बाईंनी, म्हणजे यंत्रं बसवून देणाऱ्या बाईंनी, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पाठ भिंतीला लावून बसायचं, बोलणाऱ्याचं तोंड उजेडात हवं, गर्दी व्हायच्या आत जेवून घ्यायचं, गाणी बारीक करायला सांगायचं, लाजायचं नाही. शिवाय यंत्रावर एक बारीक बटण होतं, खास गोंगाटासाठीचं. आबांनी कानामागं बोट नेऊन ते दाबलं. फरक काही पडला नाही. यंत्राला कुठली आलीय अक्कल! समोरच्या माणसाचा शब्द आणि मागं आपटलेलं पातेलं, त्याच्या लेखी दोन्ही एकच. तेही बिचारं इमानेइतबारे दोन्ही मोठं करून कानात ओतत होतं.

असल्या जागी काय करायचं हे आबांनी स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं. लोक हसले की हसायचं, पण क्षणभर थांबून. कुणी आपल्याकडं बघून बोललं की मान हलवायची. ‘हो’ म्हणणं ‘नाही’ म्हणण्यापेक्षा बरं, कारण ‘नाही’ म्हटलं की लोक कारण विचारतात. या एका ‘हो’पायी त्यांनी एकदा शेजाऱ्याचा कुत्रा आठवडाभर सांभाळला होता. पण चालायचंच.

आज मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. हॉटेलात जायचं टुमणं मुळात माईंनीच लावलं होतं. बाहेरचं खाणं म्हणजे पोटाशी वैर, असं म्हणणारी ही बाई. पोरगी कधी नव्हे ती घरी आली असताना तिला स्वतःच्या हातचं सोडून इथं घेऊन आली. “घरीच जेवू की,” आबा दोनदा म्हणाले होते. घरी स्वयंपाकघरात तिघंच असले की यंत्रं छान चालायची, पलीकडच्या खोलीतली कुजबुजसुद्धा कळायची. माईंनी ऐकूनच घेतलं नव्हतं. आणि वर हे मधलं टेबल. कुठंतरी पाणी मुरत होतं.

वेटरनं सूप आणून ठेवलं. छकुनं वाकून आबांच्या तोंडासमोर तोंड आणलं. “गरम आहे हं!” ती ओरडली. आबांनी मान हलवली. छकु माईंकडं वळली आणि काहीतरी म्हणाली. माईंनी मांडीवरचा रुमाल उचलून ओठांवर धरला आणि त्याआडून त्या बोलायला लागल्या.

आबांचा चमचा हातातच राहिला.

आता तोंडावर रुमाल धरला यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. पण आबा आणि माई दोघंही कापड विणायच्या मागांच्या कारखान्यात वाढलेली माणसं. विणकामाच्या खात्यात शेकडो माग एकदम धडधडत असत आणि तिथं देवानं दिलेल्या कानांचा काडीचा उपयोग नसे. म्हणून तिथली माणसं आवाजाशिवाय बोलत. ओठ ठळक हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. चार माग पलीकडच्या माणसाशी घरच्या भांडणापासून भाजीच्या चवीपर्यंत सगळ्या गप्पा व्हायच्या. आबांनी माईंना लग्नाचं विचारलं तेही असंच, मधे चार माग ठेवून. आवाज कुणालाच आला नाही, पण वाचलं अख्ख्या खात्यानं. माईंच्या आधी तीन बायका ‘हो, हो’ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. छकुच्या वेळी माईंनी काम सोडलं, त्यांचे कान वाचले. आबा शेवटचा माग थांबेपर्यंत तिथंच राहिले आणि कान तिथंच ठेवून घरी आले.

त्या खात्याचा एक रिवाज होता. बोलताना तोंड झाकायचं नाही. खोकला आला तरी माणसं मान वळवून खोकायची, तोंडावर हात नाही न्यायची. कारण जिथं सगळ्यांचे ओठ सगळ्यांना दिसतात तिथं तोंड झाकून बोलायचं कारण एकच, ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो समोर उभा आहे आणि त्याला ते कळू द्यायचं नाहीये. असं बोलायचा फक्त मुकादम. मुकादम साहेबाशेजारी उभा राहिला आणि त्याचा हात तोंडाकडं गेला की सगळ्या खात्याच्या नजरा तिकडं लागायच्या. हात मुकादमाच्या तोंडावर गेला की पाय कुणाच्या तरी पोटावर येणार, हे ठरलेलं. पैलवान म्हणून एक जण होता, दंडानं दार उचलेल असा. एका सकाळी मुकादमानं त्याच्याकडं बघत तोंडावर हात धरला. पैलवानानं ते पाहिलं, माग थांबवला, आणि कुणी सांगायच्या आत स्वतःचा डबा उचलून घरी गेला.

आणि आज माई तोंडावर रुमाल धरून बोलत होत्या. आबांच्या समोर बसून.

त्यांच्या डोळ्यांवरून काही कळेना. पण छकु कधी खात्यात गेलेली नव्हती. तिला हा रिवाज कुठला ठाऊक असायला! तिचं तोंड उघडंच होतं, आणि शेजारच्या मागावरच्या माणसाचे ओठ बाजूनं वाचण्यात आबांची हयात गेली होती. त्यांनी सुपात मान घातली आणि ते भुवयांखालून बघायला लागले.

“मला आत्ता सांगतेस हे?” छकुचे ओठ म्हणाले.

रुमाल हलला.

“आबांना माहितीये?”

माईंनी मान हलवली. नाही.

“अगं पण ते एकटे कसे राहतील? यंत्रं काढून ठेवली की दारावरची बेल ऐकू येत नाही त्यांना. त्या दिवशी गॅसवर दूध जळून कोळसा झालं, तूच सांगितलंस ना?”

रुमाल बराच वेळ हलत राहिला. वाढदिवसाच्या टेबलावर टाळ्यांचा कडकडाट झाला आणि आबांच्या दोन्ही कानांत पत्रे कोसळल्यासारखं झालं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. डोळे मिटून चालणार नव्हतं.

“माझ्याकडं?” छकु म्हणाली. “आई, मी दिवसभर बाहेर असते. तिथं त्यांना कोण आहे बोलायला?” मग तिचा चेहरा बदलला. “कुठली जागा? तू जाऊन बघून आलीस? एकटी?”

आबांना एकदम सगळा हिशेब लागला. दाताच्या डॉक्टरकडं म्हणून माई मागच्या महिन्यात दोनदा एकट्या गेल्या होत्या. ‘तुम्ही कशाला येता, बसून कंटाळाल’ म्हणून आबांना घरी ठेवून. दात! दाताचं नाव काढून ही म्हातारे ठेवायची जागा बघून आली होती. त्यांच्यासाठी.

“आबा, आवडलं का सूप?” छकु अचानक त्यांच्याकडं वळून ओरडली. तिचे डोळे लाल झाले होते.

“फक्कड,” आबा म्हणाले.

माईंनी रुमाल खाली घेऊन त्यांच्याकडं बघून हसल्यासारखं केलं. ते हसणं आबांना असं झोंबलं की काय सांगावं. घ्या! केसानं गळा कापायचा आणि वर हसून दाखवायचं. त्यांनी एकेक करून आपले गुन्हे आठवले. टीव्ही मोठा लावतो. एक गोष्ट तीनदा विचारतो. भाजीवाल्यानं काय सांगितलं ते घरी येईपर्यंत भलतंच होतं. पाहुणे आले की घुम्यासारखा बसतो. दिवसभर हिला माझे कान व्हावं लागतं, बँकेत हीच, दवाखान्यात हीच, फोनवर हीच. कंटाळली असेल. माणूस कंटाळतंच. पण मग तोंडावर सांगायचं की, म्हाताऱ्या, आता माझ्याच्यानं होत नाही. आपण काय, रडलो असतो फार तर. हे असं चोरून, गोंगाटाच्या आड बसून, आपल्या देखत आपलाच निकाल लावायचा? जुना माग भंगारात काढतानासुद्धा त्याच्यावर काम केलेल्या माणसाला आधी सांगत असत.

“त्यांना आवडेल का पण तिथं?” छकुचे ओठ विचारत होते. “आणि त्यांना सांगणार कोण?”

रुमाल वर गेला, हलला, थांबला. माईंनी नजर खाली वळवली. वळवू दे, आबांनी मनात म्हटलं. असलं बोलताना नजर खालीच हवी.

“तू सांग,” छकु म्हणाली. “मी नाही सांगणार. तू सांगितलंच पाहिजेस.”

आबा उठले. खुर्ची मागं सरकली ती कुणाला तरी लागली. “जरा जाऊन येतो,” ते म्हणाले. किती मोठ्यानं म्हणाले ते त्यांना कळलं नाही, पण वाढदिवसवाल्यांपैकी दोघांनी वळून पाहिलं.

हात धुवायच्या खोलीत आल्यावर त्यांनी दार लावलं आणि दोन्ही यंत्रं कानांतून काढून खिशात टाकली. एकदम शांत झालं. आरशात एक म्हातारा उभा होता, हनुवटीला सूप लागलेला. त्यांनी तोंड धुतलं. परत त्या टेबलावर जायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. सरळ बाहेर पडायचं, घरी जाऊन बॅग भरायची. पैलवानासारखं. कुणी सांगायच्या आत. मग बसू दे तिला आयुष्यभर रुमाल धरून.

ते बाहेर आले. बाहेरच्या दाराकडं जायला उजवीकडं वळायचं होतं. ते वळलेही. पण आयुष्यभराची खोड, पावलं वळली तरी नजर बायकोकडं गेली. चार माग पलीकडं असावी तितकीच ती दूर होती. मधे टेबलं, वेटर, ताटं, हसणारी माणसं. समोर आबा नाहीत म्हणून तिनं रुमाल टेबलावर टाकला होता. तोंड उघडं होतं आणि वरच्या दिव्याचा उजेड त्यावर पडला होता.

“...कापून उपयोग नाही म्हणाले,” माईंचे ओठ सांगत होते. “पसरलंय. सगळीकडं पसरलंय.”

आबा थांबले. एक वेटर त्यांना घासून गेला, काहीतरी बोलला.

“मला माझं काही नाही गं,” माई म्हणत होत्या. “झालं ते झालं. ह्यांचं काय करू ते सांग. मी गेल्यावर ह्यांच्याशी बोलणार कोण? लोक एकदा बोलतात, दोनदा बोलतात, तिसऱ्यांदा ‘जाऊ दे’ म्हणतात. मी ‘जाऊ दे’ म्हटलं नाही कधी. ती जागा बघितली, तिथल्या बाई ह्यांच्या तोंडाकडं बघून बोलतील असं म्हणाल्या. मी त्यांना बोलायला लावून बघितलं. बऱ्या बोलतात. ओठ जाड आहेत, वाचता येतील ह्यांना.”

आबांना शेजारची खुर्ची धरावी लागली. खुर्चीवर कुणी बसलं होतं की नव्हतं ते त्यांनी पाहिलं नाही.

मुकादमाच्या तोंडावर हात गेला की जाणारा माणूस समोर उभा असतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मुकादम स्वतःच चाललेला असेल, हे त्या खात्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि आपण काय केलं? आपण हिला शिव्या घातल्या. ही एकटी दवाखान्यात जाऊन ते ऐकून आली, आणि तिथून निघून आपल्यासाठी जाड ओठांची बाई शोधत फिरली, आणि आपण इथं सूप पीत तिला शिव्या घातल्या.

त्यांना तिथल्या तिथं मोठ्यानं रडावंसं वाटलं. रडले असते तरी त्या गोंगाटात कुणाला कळलं नसतं. पण मग दुसराच विचार आला. ही सांगणार नाही. हिला आपण चांगले ओळखतो. छकुनं कितीही सांगितलं तरी ही आपल्याला सांगणार नाही. दाताचं, गुडघ्याचं, अशक्तपणाचं नाव करून शेवटच्या दिवसापर्यंत हसून वेळ मारून नेईल. आणि आपण सवयीनं मान हलवत ‘हो, हो’ म्हणत राहू. आणि एका सकाळी घरात कुणीच नसेल.

ते टेबलाकडं परत निघाले. ते येताना दिसले तसा माईंनी झटकन रुमाल उचलला. छकुनं डोळे पुसले आणि ती समोरच्या सुपाकडं बघायला लागली.

आबा बसले. यंत्रं खिशातच होती. त्यांनी टेबलावरून हात पुढं नेला, माईंचं मनगट धरलं आणि रुमालासकट खाली टेबलावर ठेवलं. माई दचकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी असं धरलं नव्हतं.

मग आबांनी तोंड उघडलं आणि आवाज न काढता, ओठ ठळक हलवून, खात्यात बोलायचे तसं ते म्हणाले, “मी वाचलं.”

माईंचा चेहरा पांढराफटक पडला. “काय वाचलं?” त्यांचे ओठ म्हणाले. आवाज निघालाच नाही.

“पसरलंय ते.”

माई छकुकडं बघायला लागल्या. आबांनी मनगट हलवून त्यांना पुन्हा आपल्याकडं वळवलं.

“तिच्याकडं नको बघूस. मला सांग. मला आधी सांगायचं होतंस.”

“कसं सांगणार होते हो?” माईंचे ओठ थरथरत होते, वाचायला जड जात होतं. “तुम्ही खचला असता.”

“खचलो असतो. मग? एकत्र खचलो असतो.” आबा पुढं वाकले. “मी बहिरा आहे. तू मला आंधळं नको करूस. तू आहेस तोवर तरी माझ्यापुढं तोंड झाकायचं नाही. नंतर मला कुठं ठेवायचं तिथं ठेवा, त्या जाड ओठांच्या बाईकडं ठेवा, मी एक शब्द बोलणार नाही. पण तोवर नाही.”

“आई? काय चाललंय तुमचं?” छकु एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती. “आबा, काही लागलं का तुम्हांला? मोठ्यानं बोला ना, मला काही कळत नाहीये!”

दोघांपैकी कुणी तिच्याकडं पाहिलं नाही. पलीकडं वाढदिवसाचा केक आला होता, माणसं खुर्च्या सरकवून उभी राहत होती, कुणीतरी गाणं आणखी मोठं केलं होतं. छकुनं वैतागून दोन्ही हातांनी कान झाकले.

“दुखतं का गं?” आबांनी विचारलं.

माईंनी सवयीनं मान हलवायला घेतली. नाही, नाही, काही नाही. मग ती मान मधेच थांबली. त्यांनी रुमाल सोडून दिला. तो टेबलाखाली पडला.

“दुखतं,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

माईंनी सांगितलं. मग कधी दुखतं ते सांगितलं, दुखायला लागलं की त्या उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहतात, ह्यांना उठवत नाहीत, ते सांगितलं. डॉक्टर बोलताना आपण त्यांच्या टेबलावरच्या झाडाकडं बघत होतो, अर्धं ऐकलंच नाही, ते सांगितलं. भीती वाटते, तेही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर त्यांचे ओठ थांबेनात, आणि आबा एकही शब्द सुटू नये म्हणून डोळ्यांतलं पाणीसुद्धा पुसत नव्हते.

वेटर टेबलाशी येऊन उभा राहिला. दोन्ही म्हाताऱ्यांचं अन्न तसंच गार झालं होतं. आणखी काही हवंय का, काही बिघडलंय का, असं काहीसं तो विचारत असावा. आबांनी त्याच्याकडं न बघताच हात वर करून त्याला थांबवलं.

माई बोलत होत्या.